वस्तीवरचा जुना गॅस गीझर : बिघाड कसा शोधावा, जीव कसा सांभाळावा



गळीत हंगाम आणि थंडी बरोबरच येतात. ईट आणि भूमकडच्या माळावर बालाघाटाचा वारा सुटला की पहाटेचे पाणी हाताला लागू देत नाही. त्यात शेतीची लाईट रात्रीची असली, तर दारे धरून माणूस चिखलाने भरून घरी येतो. अशा वेळी बादलीभर कढत पाणी ही चैन नाही, ती गरज आहे.

पूर्वी हे काम अंगणातला तांब्याचा बंब करी. पुढे जळण महाग झाले आणि वस्तीवरच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून अनेक घरांत गॅसचा गीझर आला. त्याला वीज लागत नाही, दोन सेल आणि एक सिलिंडर असला की भागते. आता हे गीझर आठ-आठ, दहा-दहा वर्षांचे झाले. कधी पेटत नाहीत, कधी पेटून विझतात, कधी भपकन पेटतात. वस्ती रस्त्यापासून आत, मिस्त्री आज येतो म्हणतो आणि चार दिवसांनी येतो. मग घरातलाच कुणी पोरगा पाना-पकड घेऊन बसतो.

म्हणून हा पाठ. बिघाड कुठे आहे हे आपले आपण कसे ओळखावे, त्यातले काय आपण करावे आणि कशाला हात लावू नये, हे यात क्रमाने सांगितले आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. गीझर बंद पडला तर फार तर थंड पाण्याने अंघोळ होते. खरा धोका गीझर व्यवस्थित चालू असताना, बंद न्हाणीत असतो. तेव्हा दुरुस्तीच्या आधी हवेचा विचार करायचा.

१. हे यंत्र चालते कसे?

गीझरच्या आत तांब्याची नळी वळवून बसवलेली असते आणि तिच्याखाली बर्नर असतो. आपण नळ सोडला की पाणी आत येते. त्या पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा फुगतो. पडदा एका काडीला ढकलतो आणि काडी एक छोटे बटण दाबते. बटण दाबले गेले की सेलची वीज सुरू होते. एकीकडे टिक् टिक् ठिणगी पडते आणि दुसरीकडे गॅसची झडप उघडते. बर्नर पेटतो. ज्योतीत एक बारीक सळई असते. ज्योत आहे की नाही हे ती ओळखते. ज्योत नसली तर झडप मिटते. नळ बंद केला की पडदा मागे येतो आणि गॅसही बंद होतो.

म्हणजे साखळी अशी : पाणी – पडदा – बटण – सेल – ठिणगी – गॅस – ज्योत. मोटार चालू होत नसली तर आपण आधी फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल बघतो, तसेच इथेही साखळीची एकेक कडी बघत जायचे. सरसकट सगळे खोलून बसायचे नाही.

२. आधी हवा

गॅस जळायला हवा लागते आणि जळून झाल्यावर धूर होतोच. गॅसचा धूर डोळ्यांना दिसत नाही एवढेच. एक साधा हिशोब बघा.

मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण चालला तर तासाला सुमारे १ किलो गॅस खातो. १ किलो गॅस नीट जळायला साधारण साडेबारा घनमीटर, म्हणजे सुमारे ४४० घनफूट हवा लागते. आता आपली न्हाणी मोजा. ४ फूट रुंद, ५ फूट लांब, ८ फूट उंच, म्हणजे १६० घनफूट. वीस मिनिटे गीझर चालला तर तो एकटाच १४५ घनफुटांच्या वर हवा वापरतो. म्हणजे जवळजवळ सगळी न्हाणी! खिडकीला थंडीमुळे पोते लावलेले, दाराला कडी, आणि आत आपली लेकरे.

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. आपल्या रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. हवेच्या दहा हजार भागांत याचे सोळा भाग झाले तर वीस मिनिटांत डोके दुखू लागते, चक्कर येते, आणि तासाभरात प्राणावर बेतते. पाय लटपटतात, दाराची कडी काढायची शुद्ध राहत नाही.

आपल्या गुऱ्हाळाच्या चुलवाणाला धुराडे असते. कारखान्याच्या बॉयलरला तर हवा आत ढकलणारा पंखा वेगळा आणि धूर बाहेर ओढणारा पंखा वेगळा. हवा कमी पडली की चिमणीतून काळा धूर निघतो आणि बॉयलरवरचा माणूस लगेच धावतो. एवढ्या मोठ्या भट्टीला जो नियम, तोच या भिंतीवरच्या छोट्या भट्टीला. बंब अंगणात होता, त्याचा धूर डोळ्यांत जाई, म्हणून माणूस सावध राही. गीझर घरात आला, धूर दिसेनासा झाला आणि सावधपणाही गेला.

ही चूक आजची नाही. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघम यांनी १८६८ साली नळ सोडताच पाणी तापवणारे गॅसचे यंत्र काढले. आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या फवाऱ्यावरून त्याला ‘गीझर’ नाव दिले. त्या पहिल्या यंत्राला धुराडे नव्हते. पुढे लोक शहाणे झाले. परदेशात चाकांवरचे घर असते, म्हणजे मोटारीतच झोपायची-न्हायची सोय. जागा आपल्या न्हाणीएवढीच चिंचोळी. पण त्यातला गॅसचा हीटर बंद पेटीत असतो. तो बाहेरची हवा घेतो आणि धूरही गाडीच्या बाहेरच सोडतो, आतल्या हवेशी त्याचा संबंध नाही. आणि आपण मात्र दीडशे वर्षांनंतरही बिनधुराड्याचा गीझर बंद न्हाणीत टांगतो.

तेव्हा पहिला नियम : बिनधुराड्याचा गीझर न्हाणीच्या आत नको. तो बाहेरच्या भिंतीवर, पडवीत किंवा उघड्यावर पत्र्याच्या आडोशाला लावावा आणि फक्त गरम पाण्याची नळी भिंतीतून आत घ्यावी. दुरुस्तीला मिस्त्री बोलावलाच आहे, तर आधी हे काम करून घ्यावे.

३. बिघाड शोधण्याचा क्रम

काम सुरू करण्याआधी सिलिंडर बंद, दार-खिडकी उघडी. गॅसचा वास येत असला तर काडी नाही, लाईटचे बटण नाही, मोबाईल नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत आणि खड्ड्यात साचतो. वास गेल्याशिवाय पुढचे काही करू नये.

लक्षण पहिले : नळ सोडला तरी टिक् टिक् आवाजच नाही.

सिलिंडर बंद ठेवूनच ही परीक्षा करता येते. नळ पूर्ण सोडा आणि कान द्या. आवाज नाही, म्हणजे दोष गॅसमध्ये नाही. तो पाण्यात किंवा सेलमध्ये आहे.

आधी सेल बदला. दोन्ही नवे, एकाच जातीचे, उलट-सुलट खुणा बघून. टोकांवर हिरवट-पांढरा गंज असला तर कोरड्या फडक्याने पुसा.

मग पाणी. १० लिटरची बादली नळाखाली ठेवून घड्याळ लावा. बहुतेक छोट्या गीझरना मिनिटाला दोन-अडीच लिटर पाणी लागतेच. बादली भरायला ४ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर पाण्याचा जोर कमी आहे. कारणे तीन असतात. टाकी फार खाली आहे, आत शिरतानाची जाळी गाळाने भरली आहे किंवा कॉक अर्धवट बंद आहे. पाण्याचा १ किलो दाब मिळायला टाकी १० मीटर उंच लागते. गीझरला पाव किलोच्या आसपास दाब पुरतो, म्हणजे टाकीचा तळ गीझरपेक्षा ८ फूट तरी वर हवा. पत्र्याच्या घरावर दोन विटा मांडून टाकी ठेवली तर हे जमत नाही. आपल्या गीझरला किती दाब लागतो ते त्याच्या पाटीवर लिहिलेले असते, ते वाचावे.

जाळी आपण स्वतः काढून धुऊ शकतो. बोअरच्या पाण्याबरोबर बारीक वाळू येते, म्हणून हंगामात एक-दोनदा ती धुवावीच.

पाणी भरपूर, सेल नवे, तरी आवाज नाही, तर रबरी पडदा फाटला किंवा बटण अडकले समजावे. हे मिस्त्रीचे काम.

लक्षण दुसरे : टिक् टिक् होते, पण पेटत नाही.

आता पाणी आणि सेल ठीक आहेत, गॅस बघायचा. सिलिंडर संपला का? रेग्युलेटर नीट बसला का? नळी कुठे दुमडली का? सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ सोडून-बंद करून बघावे. तरीही नाही पेटला तर थांबावे, सारखे प्रयत्न करून गॅस साठवू नये. तोच सिलिंडर शेगडीला लावून शेगडी नीट पेटते का बघितले, तर दोष सिलिंडरचा की गीझरचा हे लगेच कळते.

थंडीत आणखी एक प्रकार होतो. गीझर गॅस झपाट्याने ओढतो, तसा सिलिंडर गार पडतो आणि बाहेरून दव धरतो. आत थोडाच गॅस उरला असेल तर दाब पुरत नाही. अशा वेळी काही जण सिलिंडर आडवा करतात, कुणी त्यावर उकळते पाणी ओततात. दोन्ही जिवावरचे खेळ आहेत. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस सरळ बर्नरकडे जातो. सिलिंडर उभाच ठेवावा, आणि संपला तर संपला म्हणावे.

लक्षण तिसरे : पेटतो आणि काही सेकंदांत विझतो.

बहुधा ज्योत ओळखणाऱ्या सळईवर काजळी धरलेली असते किंवा ती ज्योतीपासून सरकलेली असते. सेल मरत आले तरी असे होते. सेल आपण बदलावेत, सळई मिस्त्रीकडून साफ करून घ्यावी. पण बराच वेळ, दहा-पंधरा मिनिटे चालून मगच विझत असेल तर तो बिघाड नसेलही. वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय बऱ्याच गीझरमध्ये असते. ती आपल्या भल्यासाठी आहे.

लक्षण चौथे : भप् असा आवाज होऊन पेटतो.

म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि तोवर गॅस साठतो. आज भप्, उद्या भडका. सेल बदलून एकदा बघावे, तरीही भप् झाले तर वापर बंद, मिस्त्री येईपर्यंत.

लक्षण पाचवे : ज्योत पिवळी, वर काजळी.

निरोगी ज्योत निळी असते. पिवळी, लांब, डोलणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. बर्नरच्या भोकांत कोळ्याचे जाळे, कुंभारणीची माती, धूळ बसते. वर तांब्याच्या पात्यांत काजळी भरली की धूर वर निघायची वाट बंद होते. पाणी तापतच राहते, म्हणून कुणाचे लक्ष जात नाही. पण विष सर्वांत जास्त याच वेळी तयार होते. पिवळी ज्योत दिसली की त्या क्षणी बंद. साफ करून निळी झाल्याशिवाय पुन्हा लावू नये.

लक्षण सहावे : पाणी पूर्वीसारखे तापत नाही, धारही बारीक झाली.

हे आपल्या बोअरच्या जड पाण्याचे काम. ठिबकच्या ड्रीपरला पांढरा क्षार धरतो, तसाच तो तांब्याच्या नळीत आतून धरतो. पाणी तापले की विरघळलेला चुना खाली बसतो. कारखान्यात रस आटवायच्या भांड्यांच्या नळ्यांवरही असाच थर बसतो, म्हणून ठरावीक काळाने गाळप थांबवून त्या धुतात. गीझरची नळी मिस्त्रीकडून लिंबूसत्त्वाच्या सौम्य पाण्याने धुऊन घ्यावी. ठिबकला वापरतो ते जालीम ॲसिड यात घालू नये, पातळ तांबे खाऊन नळीला भोक पडते. पावसाचे किंवा विहिरीचे मऊ पाणी मिळत असेल तर टाकीत तेच भरावे. आणि पाणी गरजेपुरतेच तापवावे, उकळते घेऊन त्यात विसण घालण्यापेक्षा बेताचे घेतले तर क्षारही कमी बसतो आणि गॅसही वाचतो.

लक्षण सातवे : नळ बंद केला तरी ज्योत चालूच.

सर्वांत धोक्याचा बिघाड हाच. काडी अडकली आहे, आत पाणी वाहत नाही आणि तांबे तापते आहे. आधी सिलिंडर बंद करा, नळ नंतर. नवा भाग बसेपर्यंत हा गीझर पुन्हा लावायचा नाही, ‘एवढी एक अंघोळ होऊ द्या’ म्हणूनसुद्धा नाही.

४. हे कधीही करू नये

पाण्याच्या जोराने दबणारे बटण ‘डायरेक्ट’ करून देतो असे एखादा कारागीर म्हणेल. करू देऊ नये. ज्योतीच्या सळईची वायर जोडून टाकतो म्हणेल, तेही नको. या दोन गोष्टी म्हणजे गीझरचे डोळे आणि कान आहेत. मोटारीचा फ्यूज उडतो म्हणून जाड तार घातली की पुढे काय होते हे आपल्याला माहीत आहे.

गळती शोधायला काडी ओढू नये. साबणाचा फेस सांध्यावर लावावा, बुडबुडे आले तर गळती. गॅसची नळी आयएसआय चिन्हाची घ्यावी आणि पाच वर्षांनी, किंवा त्याआधी चिरा दिसल्या तर तेव्हाच, बदलावी. नवा गीझर घेताना भारतीय मानक १५५५८ आणि आयएसआय चिन्ह बघावे. गॅस गळतीसाठी १९०६ हा फोन आहे.

न्हाणीतला छोटा पंखा म्हणजे धुराडे नव्हे. तो आहे म्हणून गीझर आत चालेल असे समजू नये.

५. विषबाधा कशी ओळखावी आणि काय करावे

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, अंग गळून जाणे ही पहिली लक्षणे. अंघोळ करून आलेले माणूस ‘डोके जड झाले’ म्हणते आणि आपण म्हणतो, थंडी बाधली. पुढे भोवळ येते किंवा फिट येते. गॅस गीझरमुळे न्हाणीत आलेली फिट मिरगीची समजून उपचार चालू राहिल्याची उदाहरणे आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवली आहेत. घरात फिट फक्त न्हाणीतच, आणि तीही थंडीच्या दिवसांतच येत असेल, तर आधी गीझरकडे बघावे. बाहेरची बाधा, पित्त असे काही म्हणत वेळ घालवू नये.

कुणी आत पडले तर : दार उघडा किंवा तोडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा. आत रेंगाळू नका, नाहीतर सोडवणाराही पडतो. १०८ ला फोन करा. श्वास बंद असेल आणि येत असेल तर कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब द्या. जवळच्या आरोग्य केंद्रात, तिथून भूम-बार्शीला न्यायचे झाले तर गाडी लगेच काढा. आणि डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगा : ‘गॅसचा गीझर चालू होता.’ कारण बोटाला लावायचे साधे यंत्र अशा रोग्याचा प्राणवायू ठीक आहे असे दाखवू शकते. मोकळ्या हवेत रक्तातले निम्मे विष उतरायला चार-पाच तास लागतात, भरपूर ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात उतरते. माणूस शुद्धीवर आला म्हणून घरी ठेवू नये. गरोदर बाईच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो.

६. जागा बदलेपर्यंत

ऊसतोड चालू आहे, मिस्त्री मिळत नाही, हे खरे आहे. तोपर्यंत एवढे करा. न्हाणीचे दार-खिडकी सताड उघडी ठेवून गरम पाण्याच्या बादल्या भरून घ्या. गीझर आणि सिलिंडर बंद करा. थोडा वेळ हवा खेळू द्या. मगच दार लावून अंघोळीला बसा. एकामागून एक पाच-सहा जणांनी बंद न्हाणीत गीझर चालू ठेवून अंघोळ करू नये, कारण शेवटच्या माणसाच्या वाट्याला सगळ्यांचा धूर येतो, आणि आपल्या घरांत शेवटी अंघोळ बहुतेक घरातल्या बाईची असते. तेवढेही जमत नसेल तर अंगणातला बंब पेटवा, त्यात कमीपणा नाही.

उजळणी

आवाज नाही – पाणी आणि सेल बघा.
आवाज आहे, ज्योत नाही – गॅस बघा.
पेटून विझतो – सेल बदला, सळई साफ करून घ्या.
भप् होतो, ज्योत पिवळी आहे किंवा नळ बंद करूनही जळतो – सिलिंडर बंद, वापर बंद.
सगळे ठीक चालते – तरीही हवा बघा.

हा कागद न्हाणीच्या दाराशेजारी चिकटवून ठेवावा आणि घरातल्या मोठ्या मुलामुलींना एकदा वाचून दाखवावा. सिलिंडर कसा बंद करायचा हे घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, आलेच पाहिजे.